पाणपोईच्या दगडावरचा एक शब्द

हिंगोली,
मार्गशीर्ष, गुरुवार

प्रिय जाई,

तू माझ्याहून चार महिन्यांनी लहान, म्हणून आधी आशीर्वाद. पण तू तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलंस आणि मी तीस वर्षं घरच्यांना औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी वाचून दाखवलं, म्हणून लगोलग नमस्कारही. दोन्हींतलं जे सोसेल ते ठेवून घे. नागपूरच्या थंडीत सकाळी फिरायला जाण्याचा हट्ट सोडला असशील, अशी आशा आहे. (सोडला नसशील, हे ठाऊक आहे.) मी बरी आहे. दात एक कमी, चष्म्याचा नंबर एक जास्त, हिशेब सारखाच.

आज सकाळपासून तो डिसेंबर आठवतोय. आपण आठवीत होतो. सिकंदराबादला, बोर्डिंगच्या मागच्या व्हरांड्यात, नाताळचा गोठा मांडायचं काम सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्या दोघींवर सोपवलं होतं. तू प्लास्टरच्या कोकराचा तुटलेला कान खळीने चिकटवत होतीस आणि मी गवत पसरत होते. विशेष काहीच घडलं नाही त्या दुपारी. सिस्टर आल्या, फरशीच्या मेणाचा वास येणाऱ्या हातांनी त्यांनी बाळ गवतावर ठेवलं आणि म्हणाल्या, मुलींनो, याला इन्कार्नेशन म्हणतात, आणि हे एकदाच झालं. मी म्हणाले, सिस्टर, आमच्याकडे दहा आहेत. तू मला चिमटा काढलास. सिस्टर रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणाल्या, मग तुला हा शब्द इतरांपेक्षा लवकर कळेल.

त्यांचा माझ्यावरचा तो विश्वास खोटा ठरला. सदुसष्टाव्या वर्षी त्याच शब्दाने मला खिंडीत गाठलं आहे. सविस्तर लिहिते, कारण हे फोनवर बोलता येत नाही. (आमच्या भागूबाई केर काढता काढता सगळं ऐकतात आणि संध्याकाळपर्यंत ते गावात पोचतं.)

माझ्या थोरल्या नणंदबाई गंगूताई मागच्या पौषात गेल्या, हे तुला कळवलंच होतं. लग्नानंतर वर्षभरातच त्या माहेरी परतल्या होत्या. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हिंगोलीच्या या घरात आम्ही दोघींनी एक्केचाळीस वर्षं काढली. हे गेल्यावर शेवटची दहा वर्षं तर आम्ही दोघीच. माझे धाकटे दीर किसनराव इथून जवळच्या गोरेगावला शेती पाहतात. त्यांची आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते, त्यांना ताईंनीच वाढवलं. म्हणून ताई गेल्या तेव्हा हा सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या ओसरीवर भिंतीला टेकून बसला तो बसलाच. नऊ दिवस नुसता चहा. कुणी ताट पुढे केलं की म्हणायचे, "ताई वाढंल तवा जेवतो."

आमच्या घरी एक रीत आहे. तुमच्याकडेही असेल. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, ज्या जागी माणूस गेलं तिथे जमीन पुसून गव्हाचं पीठ चाळणीने एकसारखं पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, वर बांबूची टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून पाहायचं. पिठावर पाखराचा पंजा दिसला तर जीव पाखराच्या जन्माला गेला, माणसाचं पाऊल दिसलं तर माणसाच्या. काहीच उमटलं नाही तर जीव सुटला, पुन्हा येणं नाही. मी आपली कॉन्व्हेंटात शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा या प्रकाराला मनातल्या मनात हसले होते. पण पीठ मीच चाळलं. ताईंना जाडंभरडं पीठ चालत नसे.

सकाळी सगळे जमले. टोपली भागूबाईंनी उचलली, कारण घरच्या कुणाचा हात पुढे होईना. त्या वाकल्या आणि ओरडल्या, "आगं बया! हे तर शेळीचं खूर हाय!"

"कुठं?" किसनराव भिंत सोडून पुढे आले.

"ह्ये काय, दोन खड्डे, जवळ जवळ. माझ्या अंगणात रोज शंभर उमटतात, मला वळख नसंल व्हय?"

किसनरावांनी वाकून निरखून पाहिलं. मग म्हणाले, "भागूबाई, तुमची शेळी कवा व्याली?"

"मागल्या हप्त्यात, बुधवारी. पाठ झाली, मादी, पांढरी. एक कान काळा."

ताई त्याच बुधवारी गेल्या होत्या. आणि त्यांच्या डाव्या कानामागे मोठा काळा तीळ होता. जाई, मी काहीच बोलले नाही. किसनराव नऊ दिवसांत पहिल्यांदा उठून चुळा भरायला गेले, आणि आल्यावर त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

पुढचं तू समजू शकशील. करडू आईचं दूध सुटेपर्यंत भागूबाईंकडे राहिलं आणि मग माझ्या घरी आलं. दर सोमवारी किसनराव गोरेगावहून जीपने येतात, बरोबर हरभऱ्याचा पाला नाहीतर तुरीच्या शेंगा. ओसरीवर बसून तिला आठवड्याची हकिकत सांगतात. सुनेने म्हैस विकली, मोटर जळाली, पुलाचं काम पुन्हा थांबलं. ती चघळत ऐकते. (खरं सांगायचं तर ताई इतकं ऐकून घेत नसत.) मी एकदा म्हणाले, भाऊजी, तिला बांधून ठेवू का, कपडे खाते. तर म्हणाले, "थोरल्या भैनीला दावं? वहिनी, तुमी बी काय बोलून राहिल्या." तेव्हापासून ती मोकळी. तिने दोन ब्लाउज, देवाच्या वाती, दूधवाल्याचं कार्ड आणि विश्वजीतने बेंगळूरुहून पाठवलेलं सांत्वनपत्र खाल्लं. विश्वजीत म्हणजे किसनरावांचा नातू, संगणकातला. भागूबाई रोज तिच्या लेंड्या काढतात आणि मला ऐकवतात, "बाई, तुमची नणंद जिती असताना माझ्या डोक्यावर बसायची, आता माझीच शेळी होऊन बसली."

पितृपक्षात तर गुरुजींची पंचाईत झाली. पान कावळ्याला ठेवायचं, पण ताई जर परत आल्याच आहेत तर कावळ्याचा काय संबंध? गुरुजी बराच वेळ पंचा चाचपत बसले आणि मग म्हणाले, शास्त्रात दोघांचीही सोय आहे. दोन पानं वाढली. शेळीने दोन्ही खाल्ली. कावळा भिंतीवरून पाहत होता. त्याचं तोंड मी विसरणार नाही.

हसतेस ना? हस. पण यात एक गोष्ट हसण्यासारखी नाही. ताईंची ट्रंक अकरा महिने तशीच बंद आहे. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाचं किडूकमिडूक वाटून टाकावं, अंगाला लागलेले कपडे कुणाच्या तरी उपयोगी पडावेत, ही रीत. मी विषय काढला की किसनराव शेळीकडे बोट दाखवतात. "मालकीण समोर बसली हाय. तिच्या देखत तिची पेटी कशी उघडावं?" आणि मीही दर वेळी, खरं तर सुटल्यासारखी, किल्ली परत डब्यात ठेवते. गेलेलं माणूस ओसरीवर पाला खातंय आणि त्याची खोली तशीच आहे. असं घर ना दुःखाचं, ना सुखाचं.

आता मूळ मुद्द्यावर येते. (सिस्टर म्हणायच्या, जान्हवी, तुझ्या निबंधात मुद्दा पाहुण्यासारखा येतो, सगळ्यांची जेवणं झाल्यावर.) वर्षश्राद्धाला किसनराव गोरेगावच्या फाट्यावर, जिथे सेनगावच्या आणि हिंगोलीच्या जीपगाड्या थांबतात, ताईंच्या नावाने पाणपोई बांधताहेत. बांधकाम झालं. दगड वारंगा फाट्यावरच्या प्रेमदासकडे आहे. तो तिथे रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली बसून दगड कोरतो, हात सुंदर आहे त्याचा. वर मराठीत नाव, साल. खाली एक ओळ इंग्रजीत हवी, कारण किसनरावांचं म्हणणं, रस्ता आता मोठा झाला, येणारेजाणारे कुठले कुठले असतात. ओळ विश्वजीतने पाठवली, पण दोन तऱ्हेने: इन्कार्नेशन ऑफ पेशन्स किंवा एम्बॉडिमेंट ऑफ पेशन्स. खाली त्याने लिहिलं, आज्जी, तुम्ही कॉन्व्हेंटच्या, योग्य ते ठरवा. (ताई आणि पेशन्स! ज्या बाईने आयुष्यात एकदाही दूध पूर्ण वर येऊ दिलं नाही! पण ते राहू दे. मेलेल्या माणसाला थोडे गुण उसने द्यावेच लागतात.)

मी डिक्शनरी काढली. निबंधाला बक्षीस मिळालेली, हिरव्या पुठ्ठ्याची. ती शेळीने खाल्ली आहे. सगळी नाही, डीच्या मध्यापासून केच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे दोन्ही शब्द तिच्या पोटात. मोबाइलवर पाहिलं तर एका शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा दिला होता आणि दुसऱ्याचा अर्थ म्हणून पहिला.

मग मी किसनरावांना जमेल तसं सांगितलं. म्हणाले, भाऊजी, एम्बॉडिमेंट म्हणजे एखादा गुण माणसाच्या अंगी इतका मुरतो की तो गुण डोळ्यांनी दिसावा. दया पाहायची तर या बाईकडे पाहा, असं. माणूस इथलंच असतं, गुण त्याच्यात उतरतो. आणि इन्कार्नेशन म्हणजे जो आधी होता, पण देहात नव्हता, तो स्वतःच अंग धारण करून येतो. नाव, स्वभाव, सगळ्यासकट. गुण नाही, तो स्वतः.

त्यांनी नीट ऐकलं. "म्हंजे एकात फकस्त गुण येतो, आन दुसऱ्यात आख्खं माणूस?"

"हो, साधारण तसंच."

"मंग आख्खंच लिवा. अर्धं काहून?"

मी म्हणाले, पण भाऊजी, दगडावरची ओळ ताईंबद्दल आहे, त्या जिवंतपणी कशा होत्या त्याबद्दल. तिथे एम्बॉडिमेंटच बरोबर. ओसरीवर ती काळ्या कानाची झोपली होती, तिच्याकडे पाहत म्हणाले, "म्हंजे ही ताई न्हाई, असं म्हणून राहिल्या का तुमी?"

बघ, कुठे येऊन पोचलं प्रकरण. विश्वजीतला वाटतं हा भाषेचा प्रश्न आहे. पण किसनरावांनी तो असा मनात घेतला आहे, की एक शब्द कोरला तर ताई शेळीत आहेत आणि दुसरा कोरला तर ताई गेल्या. आणि प्रेमदासचा निरोप आहे, "मावशी, कागदावर चुकलं तं खोडता येतं. माझ्या हातचं चुकलं तं दगुड फेकावा लागतो. पंधरा दिसांनी छिन्नी लावतो, त्याच्या आत सांगा."

तेव्हा तू, जिने पोरांना तीस वर्षं हेच शिकवलं, मला या दोन शब्दांतला फरक नेमक्या, कुणालाही न दुखावणाऱ्या भाषेत लिहून पाठव. घरच्या सर्वांना माझा यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुझीच,
जान्हवी

ता. क. वरचं पत्र मी परत वाचलं. ते खोटं आहे. घडलं ते सगळं खरं लिहिलं, पण मागणं खोटं. फरक मला चांगला माहीत आहे. मला हवं आहे ते दुसरंच.

त्या दहाव्याच्या दिवशी उजाडताना मी सगळ्यांच्या आधी उठले होते. एक्केचाळीस वर्षं ताईंना सकाळचा पहिला चहा मी दिला, तेव्हा त्यांना पहिलं पाहायचा हक्क माझा, असं काहीतरी डोक्यात होतं. मी टोपली उचलली. पीठ जसं चाळलं होतं तसंच होतं. मुंगीसुद्धा फिरलेली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता ना? सुटल्या, म्हणायला हवं होतं. पण ते कोरं पीठ मला पाहवेना. जी बाई मला सांगितल्याशिवाय शेजारी हळदीकुंकवाला गेली नाही, ती अशी, एक खूणही न ठेवता? आणि ओसरीवर भाऊजी, नऊ दिवसांचे उपाशी. मी दोन बोटं पिठावर टेकवली. शेळी करायची नव्हती गं मला. नुसती खूण हवी होती. टोपली परत घातली, हात पदराला पुसला आणि चहा टाकला. दोन कप टाकला, सवयीने.

म्हणजे सिस्टरांच्या हिशेबाने बोलायचं तर इथे जे अंग धारण करून आलं ते ताईंनी धारण केलेलं नाही. मी करवलं. आणि आता ते दगडावर कोरलं जाणार.

तेव्हा माझी खरी विनंती अशी. तुझ्या नावाचा छापील कागद असेलच, निवृत्त प्राध्यापक वगैरे. त्याच्यावर किसनरावांना चार ओळी लिही की इंग्रजीच्या नियमाने इथे एम्बॉडिमेंटच लागतं, इलाज नाही. तुझं ते मानतील. म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही.

ता. क. दुसरा, सोमवार संध्याकाळ. शनिवारी पोस्टात गर्दी होती आणि मग रविवार, त्यामुळे पाकीट फडताळावरच राहिलं. (गर्दी नव्हती. माझंच पाऊल उचललं नाही.) तुला ती चार ओळींची खोटी चिठ्ठी लिहायला सांगितली याची मला लाज वाटायला लागली होती. आज भाऊजी पाला घेऊन आले. मी चहा दिला, समोर बसले आणि सगळं सांगितलं. बोटंसुद्धा दाखवली, ही दोन.

मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा त्या भिंतीला टेकून बसणार. पण कप खाली ठेवून ते म्हणाले, "म्हंजे तुमी बघितलं तवा काहीच न्हवतं?"

"काहीच नव्हतं, भाऊजी."

"मुंगी बी न्हाई?"

"मुंगीही नाही."

"म्हंजे ताई सुटली." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वहिनी, ताई सुटली व्हती. पहिल्याच दिशी. आन तुमी अकरा म्हयने मला सांगितलं न्हाई." मग त्यांचा आवाज चढला. "लई वाईट केलं तुमी. तिनं जल्मभर काय मागितलं व्हतं? पुन्हा येणं नको, एवढंच. ते तिला भेटलं, आन म्या हितं शेंगा चारून राहिलो!"

मी मान खाली घालून ऐकलं. त्यांचं बरोबर होतं. ज्या बातमीने ते मोडतील म्हणून मी ती लपवली, तीच त्यांना हवी होती. मोडणार होते ती मीच. ते रडले, पण या वेळचं रडणं वेगळं होतं, आणि मधेच त्यांना काहीतरी आठवलं. "दिवाळीला म्या हिच्या पाया पडलो ना, वहिनी. खण घातला हिच्या अंगावर." आणि मग आम्ही दोघं म्हातारे इतके हसलो की शेळी उठून अंगणात निघून गेली. ते म्हणाले, "भागूबाईला कळू देऊ नका, गावभर करल." तोच अंगणातून आवाज आला, "म्या समदं ऐकलं!"

जाण्याआधी त्यांनी प्रेमदासला फोन लावला. इंग्रजी ओळ नको. नाव आणि साल, बस्स. "सुटली तिला काहून अडकवावं," म्हणाले. तेव्हा तुझी चिठ्ठी नको, फरकही नको.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. आता खरोखर जे हवं ते मागते. वर्षश्राद्ध पौषात, महिनाभरावर. तू दोन दिवस आधी ये. भाऊजी गेल्यावर मी ट्रंक उघडली आहे. काय कुणाला ते खाली लिहिते, पण सगळ्यांसमोर हे मला वाचून दाखवता येणार नाही. तू वाच. तुझा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा.

शेळी भागूबाईंना, दाव्यासकट. त्यांना तिला कळमनुरीच्या बाजारात न्यायचं असेल तर न्यावं, कुणी आडकाठी करू नये. पण मला वाटतं त्या आता नेणार नाहीत. दोन इरकली लुगडीही त्यांनाच, धुवट नाहीत, कोरी आहेत. जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी करायची ती वैष्णवीने, किसनरावांच्या सुनेने. टाके ताईंसारखे घट्ट नकोत, टोचतात. अडकित्ता भाऊजींना, दात नसले तरी. विश्वजीतने पहिलीत असताना ताईंना पाठवलेलं पोस्टकार्ड, उलटं लिहिलेलं, ते विश्वजीतला, आणि त्याला सांगायचं की हे त्या महिन्यातून एकदा काढून बघत. तांब्याचा तांब्या प्रेमदासला. तो दिवसभर उन्हात प्लास्टिकच्या बाटलीतलं कोमट पाणी पितो. काश्मिरी शाल तुला. नको म्हणू नकोस, त्यांनी ती एकदाही अंगावर घेतली नाही, चांगल्या दिवसासाठी ठेवली होती. रुद्राक्षाची माळ कुणाला द्यायची नाही, ती नदीत सोडायची, भाऊजींच्या हातून.

आणि खिडकीजवळची बाज, जिच्यावर उन्हाळ्यात वारा येतो आणि जिच्यावरून आमचं एक्केचाळीस वर्षं भांडण झालं, ती मला.